सिंहाने भरवलेला घास

आता जे सांगणार आहे ते कुणाला खरं वाटणार नाही. वाटू नये अशीच गोष्ट आहे. आदिस अबाबासारख्या शहरात, भरदिवसा, काळ्या आयाळीच्या सिंहाने या शिबेशीला स्वतःच्या पंजाने घास भरवला.

हाब्तेच्या घरी चुलीपाशी बसून मी हे वाक्य टाकलं, तेव्हा त्याची बायको वुबित कॉफीचे दाणे भाजत होती. तिने मान वरसुद्धा केली नाही.

"भावजी, मागच्या वेळी तुम्हाला तरसाने वाट दाखवली होती. यंदा सिंह. पुढच्या वर्षी कोण?"

"ऐकायचं नसेल तर कानात बोळे घाल. मी हाब्तेला सांगतोय."

हाब्ते मेंढीच्या कातड्यावर आडवा होता. खुब्याचं हाड मोडल्यापासून तो असाच आहे. आम्ही दोघं एकाच टेकडीवर मेंढरं राखत म्हातारे झालो, एकाच चिमट्याने आमचे दात उपटले गेले, आणि शहर बघायला जायचं तेही दोघांनी मिळून, असं ठरलं होतं. मग तो घसरला. मी निघालो त्या दिवशी त्याने माझी शाल धरून ठेवली होती.

"शिबेशी, माझं आता काही जाणं होत नाही. तू सिंह बघ आणि किटफो खा. कच्च्या मांसाचे तुकडे आता आपल्यासाठी नुसते बघायला. पण किटफो म्हणजे अगदी बारीक खिमा, तुपात भिजलेला, वर लाल तिखट. त्याला दात लागत नाहीत म्हणे, जीभ पुरते. माझ्या वाटचाही खा आणि मला चव सांग. नुसतं 'छान होता' म्हणालास तर उठून मारीन."

"तू उठणार असशील तर मी मार खायला तयार आहे," मी म्हणालो होतो.

तर असा मी बार्लीच्या पोत्यांवर बसून, ट्रकमधून, शहरात गेलो. ट्रक गुरुवारी पहाटे परत फिरणार. म्हणजे हातात एक बुधवार. तुम्ही म्हणाल बुधवार म्हणजे उपास, मांस कसं चालेल? अहो, ईस्टरनंतरचे पन्नास दिवस उपास माफ असतो, बुधवार नाही की शुक्रवार नाही. एवढं मला कळतं. मी सगळा हिशेब करूनच निघालो होतो.

माझी भाची येशी तिथे राहते, चौथ्या मजल्यावर. सकाळी उठून मी शाल खांद्यावर टाकली आणि म्हणालो, "चल, आधी सिंह, मग किटफो."

"मामा, आधी कॉफी," येशी म्हणाली.

आता कॉफीला नाही कसं म्हणायचं? तिने रीतीप्रमाणे जमिनीवर हिरवं गवत पसरलं, दाणे भाजले, कुटले, उकळले. पहिली वाटी झाली. मी उठायला गेलो. "मामा! दुसरी?" दुसरी झाली. मग तिसरी, कारण आशीर्वाद तिसऱ्या वाटीत असतो आणि तो टाकून उठलेला पाहुणा मी अजून पाहिला नाही. तिसरी संपते न संपते तोच शेजारीण आली. मेंझच्या डोंगरातून मामा आलेत आणि माझ्याकडे कॉफी नाही? असं कसं? तिच्याकडे पुन्हा गवत, पुन्हा दाणे, पुन्हा पहिली वाटी. तिच्या समोरची बाई दारातच उभी होती, हातात भाजायचा तवा घेऊन. माणसाला आशीर्वाद किती लागतात? तिसऱ्या घरातून सुटलो तेव्हा माझे डोळे बटाट्याएवढे झाले होते आणि सूर्य डोक्यावर आला होता.

"म्हणजे अजून तुम्ही जिन्यातच," वुबित म्हणाली.

"जिन्यातच! शहराचा अर्धा दिवस मी जिन्यात घालवला."

येशीचा नवरा कासाहुन मला फिरवायला निघाला. पोरगा चांगला आहे, पण त्याचे डोळे फोनमध्ये राहतात. डोक्यावरून, पुलावरून, आगगाडी गेली. मी म्हणालो, "अरे, ती बघ!" तर तो म्हणाला, "थांबा मामा, तिचा व्हिडिओ दाखवतो तुम्हाला." गाडी समोर धावतेय आणि हा मला फोनमध्ये गाडी दाखवतोय! तो व्हिडिओ सापडेपर्यंत खरी गाडी गेली.

मग मला त्याने हाडं दाखवायला नेलं. लाखो वर्षांपूर्वीची बाई आहे म्हणे, जगातून लोक येतात तिला बघायला. मी रांगेत उभा राहिलो. काचेमागे एवढीशी, तपकिरी, मोडकी हाडं. निम्मी तर नव्हतीच. कासाहुन म्हणाला, "आणि मामा, ही खरी नाहीत. खरी आत जपून ठेवलीत. ही तशीच बनवलेली." म्हणजे मी सिंह सोडून खोट्या हाडांपुढे उभा!

हाब्ते कातड्यावरून हळूच म्हणाला, "माझं हाड मोडलंय तर गावातलं एक माणूस रांग लावत नाही."

"तेच मी तिथल्या रखवालदाराला सांगितलं. म्हटलं, आमच्याकडे एक आहे, खरा आहे, वर शिव्याही देतो. त्याला काच लावा."

हाब्ते हसला, पण खुबा दुखला म्हणून लगेच थांबला. "किटफोवर ये," तो म्हणाला.

येतो. काय सांगू, त्याच्यावर यायलाच मला तोंड नाही. ज्या हॉटेलाचं नाव आपल्या गावातल्या ट्रकवाल्याच्या तोंडून दहा वर्षं ऐकतोय, त्याच हॉटेलात मला कासाहुनने नेलं. बाहेरच्या पाटीवर बैल रंगवलेला. त्या बैलाकडे बघूनच माझ्या हिरड्यांना पाणी सुटलं. आत गेलो. मांस तोडायचा ओंडका स्वच्छ धुतलेला, त्यावर पांढरं फडकं. सुरे खुंटीला. वाढणारी पोरगी हसत आली.

मी म्हणालो, "बेटा, किटफो. कच्चा. तूप हात सैल सोडून घाल. आणि दोन माणसांचा, एक मी आणि एक गावाकडे पडून आहे."

ती म्हणाली, "बाबा, आज बुधवार."

"मला वार कळतात. पण पन्नास दिवस चालू आहेत ना?"

ती कासाहुनकडे बघायला लागली. कासाहुन फोनमधून वर आला. दोघांच्या चेहऱ्यावर, वेडा म्हातारा सांभाळताना येते तसली दया आली. "मामा, पन्नास दिवस रविवारी संपले."

जमीन सरकली माझ्या पायाखालची. रविवारी संपले!

"मी सांगितलं होतं," वुबित म्हणाली. दाणे कुटायचे थांबवून तिने मुसळ माझ्यावर रोखलं. "रविवारी देवळात सांगितलं की नाही धर्मगुरूंनी? तुम्ही काठीवर हनुवटी टेकून उभ्या उभ्या झोपला होता. सगळ्या बायका हसत होत्या."

"मी प्रार्थना करत होतो."

"घोरत?"

मी तरी काय करू? आपल्याकडे उपास असो नसो, ताटात बार्ली आणि पिठलंच. मांस दिसतं सणाला. जीभ रोज उपासालाच असते, मग उपास कधी सुटला आणि कधी लागला हे पोटाला कळणार कसं? शहरातल्या माणसाला कळतं. त्याचं ताट बदलतं.

मी त्या पोरीला म्हणालो, "मग हे हॉटेल उघडं कशाला?"

"उपासाचं सगळं आहे ना बाबा! मसूर आहे, कोबी आहे, पिठलं आहे." मग तिचा चेहरा एकदम खुलला. "आणि उपासाचा किटफो पण आहे!"

मी विचार केला, शहर आहे, काही युक्ती काढली असेल. "आण," मी म्हणालो.

तिने आणला. केळीच्या पानावर, सुबक, लालसर. मी डोळे मिटून, हाब्ते, तुझं नाव घेऊन पहिला घास घेतला.

गाजर!

किसलेलं गाजर. तेलात. वर तिखट. मी मेंढरांना गाजराचा पाला घालून मोठा झालेला माणूस, ट्रकमध्ये बसून हाडं खिळखिळी करून घेतली आणि खाल्लं काय, तर गाजर! कासाहुनने फोटो काढला. "मामा, हसा." मी काय हसतो!

"गाजराची चव कशी होती?" हाब्तेने विचारलं. तो चिडवत नव्हता. खरंच विचारत होता. त्याला काहीतरी हवं होतं.

"गाजरासारखी," मी म्हणालो, आणि त्याने तोंड भिंतीकडे वळवलं.

बाहेर पडलो तर समोरच्या गल्लीत मुसलमानांचं हॉटेल. तिथे बुधवारची अडचण नाही. दारातच मांस कढईत तडतडत होतं. पण त्यांच्या हातचं कापलेलं आपण खात नाही, आपल्या हातचं ते खात नाहीत. मालक दारात उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. तो म्हणाला, "बाबा, वास फुकट आहे. हवा तेवढा घ्या." भला माणूस. मी घेतला. नाकाने खाल्लं तर उपास मोडतो का, हे मी अजून धर्मगुरूंना विचारलेलं नाही, आणि तुम्हीही विचारू नका.

आता राहिला सिंह. प्राण्यांच्या बागेत पोचेपर्यंत उन्हं कलली होती. फाटकावरचा माणूस म्हणतो, बंद व्हायची वेळ झाली. मी त्याला म्हणालो, सकाळपासून मी जे जे मागितलं त्याच्याऐवजी मला दुसरं काहीतरी मिळालंय. गाडीऐवजी फोन, हाडांऐवजी हाडांची नक्कल, मांसाऐवजी गाजर. आता सिंहाऐवजी तू मला बोका दाखवणार असशील तर मी इथेच झोपतो. त्याने सोडलं. कासाहुन बाहेरच थांबला, त्याला फोन आला होता.

"म्हणजे साक्षीदार नाही," वुबित म्हणाली आणि पहिली वाटी माझ्या हातात दिली.

"साक्षीदार सिंह आहे. जा, विचार त्याला."

हाब्तेने तोंड पुन्हा माझ्याकडे वळवलं होतं. तेवढ्यानेच मला जोर चढला.

सिंह म्हातारा होता. आयाळ काळी, पण पोटाकडे पांढरी पडलेली. पाठ माझ्याकडे करून बसला होता, मी आणखी कुणीतरी मागणारा आलोय असं समजून. मी गजांपाशी उकिडवा बसलो. तेवढ्यात पिंजऱ्याचा रखवालदार आला आणि त्याने आत बैलाची अख्खी तंगडी टाकली. लालभडक. मुसलमान सोडले तर मोठ्या शहरात त्या दिवशी उपास न पाळणारा एवढाच एक जण होता, आणि तो माझ्यासमोर बसून जेवायला लागला.

देवाशपथ, मागितलं नाही. फक्त बघितलं. तर तो थांबला. माझ्याकडे नीट बघितलं. माझ्या तोंडाला लागलेलं गाजर त्याला दिसलं असावं. त्याच्या डोळ्यांत काय आलं ते मी सांगू शकत नाही, पण हॉटेलातल्या त्या पोरीपेक्षा जास्त माणुसकी होती. त्याने मांसाचा एक लचका तोडला, असा अलगद, आपण इंजेऱ्याच्या भाकरीचा तुकडा तोडतो तसा. उठला. गजांपाशी आला. आणि पंजा बाहेर काढून माझ्या तोंडाशी धरला.

"गुर्शा," हाब्ते पुटपुटला.

गुर्शाच! घरचं माणूस पाहुण्याला भरवतं तसा. आता दुसऱ्याच्या हातचा घास परत करायचा म्हणजे त्याच्या घराला लाथ मारायची. मी मेंझचा माणूस आहे, मला रीत कळते. मी तोंड उघडलं.

"बुधवारी!" वुबितने कपाळावर हात मारून घेतला. "बुधवारी मांस!"

"पाप भरवणाऱ्याला लागतं. त्याचा धर्म वेगळा आहे."

"गप गं तू," हाब्ते म्हणाला. तो कोपरावर उठून बसायचा प्रयत्न करत होता. किती दिवसांत मी त्याला एवढा उठलेला बघितला नव्हता. डोळे मिटलेले, तोंड किंचित उघडं, जसा घास त्याच्याच तोंडात येणार होता. "चव सांग, शिबेशी. सावकाश सांग. घाई करू नकोस."

मी सावकाश सांगितलं. तूप नव्हतं, तिखट नव्हतं, पण गरम होतं. आधी मीठ लागलं, रक्ताचं. मग लोखंडासारखं काहीतरी, पावसाळ्यात नांगराच्या फाळाचा वास येतो तसं. मग गवत. हो, गवत, कारण तो बैल आपल्याकडच्याच डोंगरातला असणार, ते गवत मी ओळखतो. हाब्ते मान हलवत होता. त्याच्या ओठांच्या कडेला ओल आली होती. वुबितसुद्धा कॉफी ओतायची विसरली. मग मला थांबवेना. मी म्हणालो, किटफो काय घेऊन बसलास, किटफो जिभेवर आला की गेला. हा घास जात नव्हता. चिवट, जिवंत, जुन्या दिवसांसारखा. मी तो डाव्या दाढेखाली घेतला आणि चावला. चावला, पुन्हा उजवीकडे घेतला, पुन्हा चावला, आणि दर चावण्याला रस...

हाब्तेने डोळे उघडले.

"थांब," तो म्हणाला. त्याने हात लांब करून माझी हनुवटी पकडली आणि चुलीच्या उजेडाकडे वळवली. "आ कर. कर आ! थापाड्या, तुझी शेवटची दाढ माझ्या डोळ्यांदेखत उपटली. चावलंस कशाने?"