पोटात नाव असलेला घोडा

मी एक जुना लाकडी घोडा आहे. मला तोंड नाही, शेपूट नाही. पाय चार आहेत, पण चौघांना मिळून एक पाऊलही टाकता येत नाही. जर्मनीतल्या आयफेल डोंगरात, तलावाच्या वर एक दगडी प्रशिक्षण-गड आहे. तिथल्या व्यायामशाळेत मी सत्तर वर्षे उभा होतो. लोकांनी धावत यायचं, माझ्यावरून उडी मारायची आणि पलीकडे जायचं. एवढंच माझं घोडेपण.

हुकूमशहाच्या काळात इथे उद्याचे राज्यकर्ते घडवत. धट्टेकट्टे तरुण माझ्या पाठीवर हात टेकून उडत. मास्तर ओरडत, "शाब्बास! जग तुमचंच आहे!" जग कुणाचं ते मला ठाऊक नाही, पाठ मात्र माझी होती. तिच्यावरचं चामडं सातव्या वर्षी फाटलं.

तेव्हा युद्ध चालू होतं. पोलंडहून धरून आणलेल्या एका मजुराला माझ्यापुढे बसवलं. तो मूळचा खोगिरं शिवणारा. त्याने आत भरायला घोड्याचे केस मागितले, त्याला पेंढा मिळाला. चामडं शिवून बंद करण्याआधी त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि आतल्या फळीवर पेन्सिलीने आपलं नाव, गाव आणि तारीख लिहिली. खाली लिहिलं, "केस दिले नाहीत म्हणून पेंढा भरला. टाके पक्के आहेत."

पुढच्या आठवड्यात त्याची आरी घेऊन दुसराच माणूस कामाला आला. पहिल्याबद्दल कुणी काही विचारलं नाही. आणि टाके इतके पक्के निघाले की मित्रांनो, आजवर कुणी मला उघडलंच नाही.

हुकूमशाही बुडाली. काही वर्षांनी बेल्जियमचे सैनिक आले आणि पंचावन्न वर्षे राहिले. त्यांनी माझ्यावरून उड्या कमी मारल्या, ओले टॉवेल जास्त वाळत घातले. तो माझा सुखाचा काळ. मग तेही गेले आणि ठरलं, की गड वारसास्थळ म्हणून सगळ्यांना खुला करायचा. इथे माणसांना काय शिकवलं जात होतं ते लोकांनी येऊन पाहावं. मी मनात म्हटलं, आता तरी कुणी एखादा टाका उसवेल.

वस्तू निवडायला इतिहासाच्या अभ्यासक डॉक्टर हाइके ब्रुएल आल्या. त्यांचा नियम एकच. जसं सापडलं तसंच मांडायचं, दिमाखदार काही ठेवायचं नाही. नाहीतर बघणाऱ्याला लाज वाटायच्या ऐवजी अभिमान वाटायचा. नियम चांगलाच होता. पण म्हातारा राखणदार मातेस लेनार्त्स खालच्या गावातला, आणि त्या गावात दर शनिवारी दारापुढचा रस्तासुद्धा झाडून लख्ख करतात. पाहुणे येणार म्हटल्यावर त्याने दोन शनिवार मला मेण चोळलं.

"मातेस, हे काय केलंत?" बाई किंचाळल्या.

"आंघोळ घातली. सत्तर वर्षांत कुणी घातली नव्हती."

"अहो, कसा झळकतोय बघा! उद्या एखादा याच्यापुढे छाती काढून फोटो काढेल."

"मग मळवतो परत. त्यात काय मोठंसं!"

सोमवारी त्याने खुराड्यातली घाण आणून मला नखशिखान्त माखलं. नखं आणि शिखा नसूनही.

बाईंनी नाकाला रुमाल लावला. "आता तर ही बनावट झाली. खोटा जुनेपणा! आता याला मुळीच मांडता येणार नाही."

"म्हणजे स्वच्छ असला तरी गुन्हेगार, घाण असला तरी गुन्हेगार? माझ्या सासूचा कायदा असाच होता, बाई."

बाईंना हसू आलं. पण यादीत माझ्यावर फुली पडली.

आज सकाळी भंगाराची गाडी आली. दोघांनी मला उचललं तेव्हा मी सगळा जोर लावून कुरकुरलो. ऐका रे, आत बघा रे! मातेस कळवळून म्हणाला, "सांधे धरलेत बिचाऱ्याचे," आणि तेलाची बाटली घेऊन आला. चारही पायांना तेल घातलं. आता मला कुरकुरताही येईना.

मग तो माझ्यावर चढून बसला.

"आजोबा, उतरा," गाडीवाली म्हणाली. "अजून तीन गावं बाकी आहेत मला."

"पाच मिनिटं दे, पोरी."

पाच मिनिटं तो बसला. नाव त्याच्या बुडाखाली वीतभर अंतरावर होतं. उतरताना त्याने शिवणीवरून अंगठा फिरवला. "कसलं काम केलंय! कुणी शिवलं असेल?"

"कारखान्यात शिवलं असेल," ती म्हणाली आणि मागचं दार लावलं.

मित्रांनो, मी हे गाडीतून सांगतो आहे. लाकूड भरडणारं यंत्र आता दोन वळणांवर आहे. मला ठेवा असं मी म्हणत नाही. माझ्यावरून उडालेले पुढे कुठे जाऊन पडले आणि कुणाच्या उरावर पडले, ते साऱ्या जगाने पाहिलं. मी मोडलो तर कुणाचं काही अडत नाही. पण जुनी वस्तू टाकण्याआधी, किंवा पुसण्याआधीसुद्धा, ती एकदा उघडून बघत जा. माझ्यासाठी आता वेळ उरलेला नाही, म्हणून तुम्हीच ऐका. हाताशी पेन्सिल असेल तर लिहून घ्या.

झेनोन विल्चाक. गाव ग्राबूव्का. मार्च १९४३.

लिहिलंत ना?