पाण्याला गेलीय

वस्तीतल्या सगळ्या टाक्या भरल्या, हिचीच तेवढी कोरडी. पाऊस काही घरं बघून पडत नाही, म्हणून प्लंबर पुन्हा डोंगर चढून आला. खालचे लोक या वस्तीला ‘डोंगरातले’ म्हणतात आणि त्यांचा रस्ता इथवर यायच्या आत दमून थांबतो. शेवटचा चढ बिचाऱ्याने पाठीवर हत्यारं घेऊन पायी काढला होता.

“वहिनी, तुमच्या पत्र्याला पावसाचं वावडं आहे का हो?” धापा टाकत तो म्हणाला.

ती हसली नाही. हल्ली तिला हसू येत नसे आणि रडूही येत नसे. मुलगी गेल्यापासून आत सगळं बधिर होतं, दात काढताना गाल होतो तसं.

मुलगी झऱ्याच्या वाटेवर गेली. खालच्या वळणावर पाय घसरला, पाठीवर भरलेला कॅन होता. त्यानंतर साहेबलोकांना जाग आली आणि घरोघर टाक्या बसल्या. पत्र्यावरचं पाणी पन्हळीत, पन्हळीतून पाइपात, पाइपातून टाकीत, आणि दारात तोटी. सगळे म्हणाले, सुटलो एकदाचे.

तिची अडचण सासऱ्यांची होती. त्यांच्या डोक्यात आता काही टिकत नसे. नात गेल्याचं सांगितलं तेव्हा ते धाय मोकलून रडले. दुसऱ्या दिवशी विचारू लागले, “भिंगरी कुठंय?” घरभर भिरभिरायची, म्हणून भिंगरी. पुन्हा सांगितलं, पुन्हा तसेच रडले, पहिल्यांदाच ऐकल्यासारखे. पुढच्या वेळी तिच्या तोंडून निघून गेलं, “पाण्याला गेलीय.” झरा लांब, वेळ लागायचाच. म्हातारबा मान डोलावून गप्प बसले. तेव्हापासून तेच उत्तर. वस्तीही तेच सांगे. नवऱ्याला मात्र ते ऐकवेना, म्हणून तो खाली रस्त्याच्या कामावरच राहू लागला. त्याला तरी काय बोलणार?

प्लंबर वाकून पाइप तपासू लागला. टाकीच्या आधी एक उभा पाइप होता, त्याच्या बुडाशी झाकण. पत्र्यावरची धूळ आणि पाखरांची घाण वाहून जाईपर्यंत ते उघडं ठेवायचं, मग घट्ट बसवायचं. सगळ्यांना त्याने हे घसा कोरडा होईस्तोवर शिकवलं होतं. इथे झाकणच नव्हतं. घरावर पडलेलं पाणी सगळं उताराला लागलं होतं.

“अहो, झाकण लावायलाच विसरलात!”

“विसरले,” ती म्हणाली. झाकण आत मिठाच्या डब्यामागे होतं.

त्याने पिशवीतून नवं काढलं आणि आवळून बसवलं. “आता हे हरवलं तर गाठ माझ्याशी आहे.”

तेवढ्यात पाऊस आला. त्याला निघता येईना, तो म्हातारबांशेजारी ओसरीवर बसून राहिला. टाकीत पाणी पडायला लागलं तसा गडी खुलला. मुलगी गेल्याचं त्याला ठाऊक होतं, घरातलं हे खोटं ठाऊक नव्हतं. थोड्या वेळाने त्याने म्हातारबांना हाताला धरून टाकीपाशी नेलं आणि त्यांचा हात तोटीखाली धरला.

“बघा आजोबा! आता घरातल्या कुणालाच पाण्याला जायला नको.”



म्हातारबांनी ओला हात तोंडावरून फिरवला. “मग पोरीला कशाला ताटकळत ठेवलंय तिकडे? सूनबाई, हाक मार तिला. म्हणावं, ये घरी.”

ती दारातून हलली नाही.

“मार की! खालच्या वळणापर्यंत ऐकू जातं.”

ती पावसात अंगणाच्या कडेला गेली. त्या दिवसापासून तिने ते नाव तोंडातून काढलं नव्हतं. उत्तरात नाव घ्यावं लागत नसे.

“भिंगरे!” आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. “अगं भिंगरे, ये घरी! आता पाणी नको!”

आणि मग बधिरपणा उतरला. गालाचा उतरतो तेव्हा आधी मुंग्या येतात, इथे एकदम कळच आली. ती चिखलात खाली बसली आणि ओरडून रडू लागली.

प्लंबर उघड्या तोटीपाशी तसाच उभा होता. आता त्याला सगळं कळलं होतं.

“काय म्हणते?” म्हातारबांनी त्याला विचारलं.

त्याने तोटी बंद केली.

“येते म्हणाली, आजोबा.”