मांडवात उतरलेले इलेक्ट्रॉन

“आज आभाळातला आवाज ऐकवला नाही, तर मंडळाचं सेक्रेटरीपद जागच्या जागी सोडतो!” गणपतीची आरती संपल्यावर अच्युतरावांनी माईकवर जाहीर करून टाकलं.

आमच्या कारखान्याच्या टाउनशिपमधल्या मराठी मंडळात सेक्रेटरी म्हणजे खिरापतीपासून प्रमुख पाहुण्यांपर्यंत सगळं ठरवणारा माणूस. मंदाकिनीताईंनी लगेच पदर सावरला. त्यांचं नाट्यगीत कापूनच हा विज्ञानाचा कार्यक्रम घुसवला होता.

“वीज खाली पडते, एवढंच तुम्हाला ठाऊक,” अच्युतराव पेटले. “पण तिच्या रेडिओलहरी वर जातात! पार अवकाशात! तिथल्या इलेक्ट्रॉनना असा धक्का देतात, की काही धबाधब खाली वातावरणात कोसळतात! आणि त्या लहरी परत जमिनीवर येतात ना, त्यांची शीळ ऐकू येते. स्यूऽऽऽ! उंच सुरातून खाली! आनंद नगरच्या बाजूला बघा, कशा विजा चमकतायत!”

लहरी पकडायला मांडवापासून पाण्याच्या टाकीपर्यंत तार ताणून रिसीव्हरला जोडली होती. त्यांनी खटका दाबला. लाउडस्पीकर म्हणाला, “घूंऽऽऽ.”

“हीच का शीळ?” मंदाकिनीताई.

“छे हो! हा आपल्या विजेच्या लायनींचा आवाज.”

जन्मभर ट्रान्सफॉर्मर बनवणारी आम्ही माणसं, आणि हा घूंऽऽ एकाच्याही लक्षात नव्हता!

“सुभाष, सबस्टेशनला फोन लाव. सेक्टरची लाइन बंद!” अच्युतरावांनी मांडवातल्या वायरमनला फर्मावलं.

“साहेब, टीव्हीवर पिक्चर चालू आहे. लोग मारेंगे.”

“लाव रे!”

लाइन गेली. घराघरांतून शिव्या आल्या. मग शांतता. इतकी, की लाउडस्पीकरही गप्प. तोही त्याच लाइनीवर होता.

पण रिसीव्हर बॅटरीवरचा! अच्युतरावांनी हेडफोन चढवला आणि उडीच मारली. “आली! आली! स्यूऽऽऽ! अहाहा!”

हेडफोन एकच. तो घेऊन ते अंधारात धडपडत प्रमुख पाहुण्यांकडे, चार इमली या बड्या अफसरांच्या वस्तीतून आलेल्या चतुर्वेदीसाहेबांकडे धावले. हेडफोन नीट बसावा म्हणून साहेबांनी आधी आपलं ऐकायचं यंत्र काढलं, बाप्पापुढच्या फुलांच्या परडीत ठेवलं आणि मन लावून ऐकलं.

“कुछ नहीं है!” ते ओरडले.

मंदाकिनीताईंनी पेटी पुढे ओढली.

टीव्हीवाल्यांनी सबस्टेशनला घेराव घातला असावा, कारण तेवढ्यात लाइट आली. आवाजाचं बटण फुल्लवरच राहिलं होतं. असा घूंऽऽऽ उठला, की मांडवाचे बांबू थरथरले. साहेबांपर्यंतही तो पोचला.

“वाह! इलेक्ट्रॉन!” त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्या मांडवाने वाजवल्या.

“अहो, नाही, हा तर ट्रान्सफॉर्मरचा...”

“गप्प बसा,” रत्नप्रभावहिनींनी नवऱ्याचा सदरा मागून ओढला. “सेक्रेटरी आहात तुम्ही.”

पद राहिलं. शालही मिळाली. परडी निर्माल्यात गेली आणि दुसऱ्या दिवशी साहेबांच्या यंत्रासकट तलावात.