बुळबुळेबाईंचा निरोपसमारंभ

"हे बघ काय करून ठेवलंस! कोट आहे, काज आहे आणि बटणच नाही. आता हा लावायचा कसा?"

यजमान प्रयोगशाळेच्या दारात उभे होते. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून त्यांनी हा कोट घातला नव्हता. आज बायकोचा निरोपसमारंभ, म्हणून मुद्दाम चढवला, आणि जिन्यात लक्षात आलं की पोटावर तो मिटत नाही.

"काल धुताना होतं की," नळाखाली काचेच्या नळ्या विसळत बाई म्हणाल्या.

"होतं ना! डाग केवढा, आणि तू घासलंस केवढं! डागाबरोबर बटणही गेलं."

बाईंच्या हातून काही न धुता सुटायचं नाही. घरात भांडी दोनदा, भाजी तीनदा. कामावर तर विचारूच नका. शेवटचा दिवस होता, उद्या खोली रिकामी करायची होती, तरी बाईंचं विसळणं चालूच होतं.

माशाच्या अंगावरच्या बुळबुळीवर उभा जन्म घालवला, म्हणून सगळी संस्था त्यांना मागे बुळबुळेबाई म्हणायची. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. कुणी नाक मुरडलं की त्या त्याला समोर बसवून सांगायच्या, "अरे, मासा राहतो जंतूंनी भरलेल्या पाण्यात. त्याला ना दार, ना खिडकी. ही बुळबुळ म्हणजे त्याचा पहारा. जंतूच्या अंगावर साखर असते, आणि बुळबुळीतल्या एका प्रथिनाला खोबणी असतात, त्यात ती साखर बरोबर अडकते. एकेका प्रथिनाला अशा पुष्कळ खोबणी. ते चहूकडून जंतू धरतं आणि त्यांची मोट बांधतं. मग माशाच्या रक्तातल्या पेशी येतात आणि ती मोट गट्ट करतात!"

सांगताना त्यांचे डोळे चमकायचे. फक्त एक दुखणं होतं. त्यांनी स्वतः वेगळं काढलेल्या प्रथिनानं आजवर एकही जंतू धरून दाखवला नव्हता. साखर चिकटवलेले मणी भरलेल्या नळीतून बुळबुळीचं पाणी सोडलं की प्रथिन मण्यांना छान चिकटायचं. साखरपाणी ओतून ते सोडवून घेतलं, आणि खोबणी मोकळ्या व्हाव्यात म्हणून धुऊन काढलं, की मात्र ढिम्म. हात धुऊन मागे लागूनही ते बधेना. शेवटी संस्थेच्या साहेबांनी हळूच सांगितलं होतं, "मॅडम, दुसऱ्या विषयांनाही जागा लागते. तुमच्यानंतर तो प्रथिनांचा फ्रीज रिकामा करू." म्हणजे सगळी मेहनत उद्या मोरीत जाणार होती. बाई कुणापाशी बोलल्या नव्हत्या, पण गेले कित्येक दिवस त्यांना जेवण गोड लागत नव्हतं.

"काय म्हणालात मघाशी?" बाईंनी अचानक नळ बंद केला.

"कोटाचं म्हणालो."

"परत म्हणा."

"कोट आहे, काज आहे, बटण नाही."

बाई स्टुलावर मटकन बसल्या. "अहो, बटण मीच धुऊन टाकलं!"

"मग मघापासून काय सांगतोय मी?"

"तुमचं नव्हे हो, माशाचं!"

काही प्रथिनांच्या खोबणीत कॅल्शियमचा कण बसलेला असतो, आणि साखर त्या कणालाच धरून अडकते. आपलं प्रथिन त्यातलं नव्हे, असं बाईंनी अगदी सुरुवातीलाच ठरवून टाकलं होतं. शिवाय धातूचा कणही मागे राहू नये म्हणून धुण्याच्या पाण्यात त्या एक खास क्षार घालायच्या. तो कॅल्शियमचा कण, म्हणजे बटणच, ओढून न्यायचा. इतकं स्वच्छ काम त्या संस्थेत दुसरं कुणी करत नव्हतं!

फ्रीजमधलं उरलंसुरलं प्रथिन बाहेर आलं. खळगे-खळगे असलेल्या प्लेटमध्ये बाईंनी ते घातलं, वर सढळ हातानं कॅल्शियम, आणि मारून निळे रंगवलेले जंतू. दुसऱ्या ओळीत तेच सगळं, पण वरून भरपूर साखर, म्हणजे खोबणी तिनेच भरून जाव्यात. तिसऱ्या ओळीत प्रथिन सोडून बाकीचं. प्रथिनानं जंतू धरले, तर खळग्याच्या तळाशी निळी चादर पसरणार. नाही धरले, तर ते घसरून मधोमध ठिपका होणार.

तेवढ्यात साहेब आले. "मॅडम, खाली सगळे खोळंबलेत. हार सुकायला लागले."

"बसा. आणि टेबलाला धक्का लावू नका."

साहेब मुकाट्यानं बसले. एकेकाळी याच स्टुलावर बसून त्यांनी बाईंची बोलणी खाल्ली होती. यजमान खिडकीशी उभे राहिले. साहेबांचा फोन वाजला तेव्हा बाईंनी नुसतं पाहिलं, आणि तो बंद झाला.

बऱ्याच वेळानं बाईंनी प्लेटवर दिवा ओढला. त्या वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या.

"काय झालं गं?" यजमानांनी घाबरून विचारलं.

"या ओळीत चादर आहे," बाई म्हणाल्या. "साखर घातली तिथे ठिपका. प्रथिन नाही तिथेही ठिपका. साहेब, तुम्ही बघा. माझे डोळे भरलेत, मला खरं वाटत नाहीये."

साहेबांनी पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. "मॅडम, चादरच आहे! धरलंय त्यानं!"

बाई हसायला लागल्या ते थांबेचनात. साहेबांनी जिन्यात जाऊन हाक मारली, तशी खालची मंडळी हारांसकट वर आली. खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. जो तो वाकून प्लेट बघत होता, बाई प्रत्येकाला नव्यानं सांगत होत्या, आणि यजमान कोटाची गोष्ट दुप्पट मीठमसाला लावून ऐकवत होते. फ्रीजचा विषय साहेबांनीच काढला. "तो हलणार नाही. आणि तुम्ही येत राहायचं," ते म्हणाले.

मंडळी खाली निघाली. साहेबांनी सवयीनं प्लेट उचलली आणि ते नळाकडे वळले. "मी धुतो, मॅडम. तुमच्याच हाताखाली शिकलोय."

"खबरदार!" बाईंनी प्लेट काढून घेतली. तिच्यावर झाकण ठेवलं आणि ती तशीच, न धुता, फळीवर ठेवून दिली.

जिन्यात वारा होता. यजमानांचा कोट उघडा फडफडायला लागला, तशी बाईंनी त्याच्या दोन्ही कडा एका हातानं गच्च धरल्या. भाषणांसाठी मांडलेल्या खुर्चीपर्यंत त्यांनी त्या सोडल्या नाहीत.