दारात बसलेली म्हातारी

कमरुन्निसाबींची तक्रार एवढीच होती की सून चार दिवस घरात असून घरात नव्हती. कालवण ढवळताना तिचे ओठ हलत. कांदा मार्केटच्या पावत्यांच्या कोऱ्या बाजूला काहीबाही खरडायची, मग ते वहीत उतरवायची, आणि सासूची चाहूल लागली की वही मिटायची. डोक्यावरची ओढणी घसरली तर बींनी एकवेळ डोळेझाक केली असती. मिटलेली वही त्यांना सोसवत नव्हती.

शनिवारी दुपारी मुलगा अजिम जेवून गॅरेजला गेला, तशी त्यांनी खुशनुमाला स्वयंपाकघरातच गाठलं.

"काय लिहितीस एवढं?"

"गृहपाठ, अम्मी. बी.ए.चा. उद्या चिंचवडला वर्गात वाचायचाय. एक गोष्ट लिहायची. कथानक, पात्रं, स्थळ, काळ, संघर्ष, सगळं आलं पाहिजे."

"कुणाची गोष्ट?"

"सोजराबाई म्हणून एक सासू आहे. मनातली."

"वाच."

खुशनुमा वाचू लागली. सोजराबाईची सून स्वप्नाली. तिला पार्ट बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागते, गळ्यात ओळखपत्र येतं, घरात आरशासमोर ती ते दहादा घालून बघते. बी ऐकत होत्या, पण बूड टेकत नव्हत्या. डब्याचं झाकण उघड, लाव, धुतलेला पेला पुन्हा धू. रस्त्यावरून कंटेनर गेला की खिडकीची काच थरथरायची, तेवढंच पोरीला थांबायला निमित्त व्हायचं.

बींची शाळा दुसरीत सुटलेली. अक्षरं त्यांना लांबच्या पाहुण्यांसारखी होती, तोंडओळख असलेली. पण उलटलेलं पान कळायला शाळा लागत नाही.

"दोन पानं एकदम उलटलीस. चिकटली व्हय?"

खुशनुमाची मान खाली गेली. तिनं पान मागं घेतलं आणि भराभरा वाचलं. कामाचा पहिला दिवस. कंपनीची बस दारात. सोजराबाई ट्रकचा जुना टायर ओढत उंबऱ्यात आणते आणि त्यावर बसते. बस तीनदा हॉर्न देते, निघून जाते.

"टायरवर?" बी म्हणाल्या. "आख्ख्या चाकणात टायरवर बसणाऱ्या बायका किती हायेत गं?"

"नाव बदललंय, अम्मी."

"नाव बदललंस आन् टायर तसाच ठिवलास. मोठी हुशार."

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. बींच्याच दारात घडली होती तशीच लिहिलेली. उद्या वर्गातली तीस-चाळीस माणसं ती ऐकणार, कुणीतरी चाकणचं निघणारच, आणि आपण, इब्राहिमभाईंची बायको, सोमवारी बाजारात तोंड कसं दाखवणार? त्यांनी सुनेच्या हातातून वही काढून घेतली. शेगडी दोन हातांवर होती. त्या दारापर्यंत गेल्या, परत आल्या.

"ही म्हातारी दारात का बसली?"

"ती खलपात्र आहे. नायिकेच्या वाटेत कुणीतरी उभं पाहिजे, त्याशिवाय संघर्ष होत नाही. पुस्तकात दिलंय."

"उभी न्हवती, बसली व्हती. का बसली ते इचारते."

"लोक काय म्हणतील म्हणून."

"आसं म्हणली ती?"

वहीत सोजराबाई तसं कुठंच म्हणाली नव्हती. त्या दिवशी बीसुद्धा काही बोलल्या नव्हत्या. लोकांना घाबरते अम्मी, असं अजिमनंच ठरवून टाकलं होतं, आणि बींनी ते चालू दिलं होतं. त्यात निदान घराण्याची ऐट तरी होती.

बी खिडकीकडे तोंड करून बोलल्या. "दुसरी शिफ्ट व्हती तुझी. तीनला गेलीस की रात्री बारा. अजिम गॅरेजला. ह्यांना जाऊन सात म्हैने झाले व्हते. दिवेलागणीला घर खायला उठायचं. तुझ्या भांड्यांचा आवाज व्हता म्हणून मी ऱ्हाईले."

"मला कधी बोलला नाहीत."

"सवय न्हाई."

"बोलला असता तर मी पहिली शिफ्ट मागितली असती. देत होते ते."

हे बींना ठाऊक नव्हतं. त्यांना वाटलं होतं, जायचं म्हणजे रात्री बारापर्यंतच जायचं. त्यांनी वहीची कड अंगठ्यानं दाबली, सोडली, दाबली. बाहेर कुणाचा तरी ट्रक मागं मागं येत होता, क्लीनर ओरडत होता.

"अम्मी, उद्या वाचू का नको?"

बींनी वही तिच्यापुढे ओट्यावर आपटली.

"वाच. म्हातारीनं वाईट केलं, ते पुसू नकोस, आजाबात. पण तूबी आळशी हायेस, खुशनुमा. सुनेला आठ पानं दिलीस, म्हातारीच्या मनाला एक ओळ न्हाई. ती काय परगावी व्हती का? इचारलं आसतंस तर आधी शिव्या दिल्या आसत्या तिनं, पण सांगितलं आसतं."