पाटीवरची साखरबाई

आदल्या वर्षी दौंडच्या प्रदर्शनात मांडवगण फराट्याच्या बचत गटाचा माल जसा गेला तसाच परत आला होता. टेबलावर गोधड्यांची चवड, तिच्यावर लोकरीच्या तोरणांचा ढीग आणि मागे खुर्च्यांवर एका ओळीत पाच बायका. गिऱ्हाईक दिसलं की पाचही जणी एकदम उठून उभ्या राहायच्या आणि गिऱ्हाईक बिचकून पुढच्या स्टॉलकडे वळायचं. म्हणून या वर्षी गटाच्या अध्यक्ष रंगुबाईंनी मांडणीचं काम मोनिकावर सोपवलं.

मोनिका गावातली सून, माहेर कासुर्डीचं. लग्नाआधी चार वर्षं ती हडपसरला साड्यांच्या एका दुकानात शोकेस सजवायची. कुठला रंग कुठल्या रंगाशेजारी उठून दिसतो, काय डोळ्यांच्या पातळीवर ठेवायचं, कुठं मुद्दाम जागा रिकामी सोडायची, हे तिच्या हाताला कळत होतं. लग्नाला चार वर्षं झाली, तेव्हापासून त्या हाताला काम नव्हतं. गोठा, चूल, शेत यांतलं काहीच तिला वाईट जमत नव्हतं, पण ‘हे मोनिकानं केलंय’ असं कुणी म्हणावं असंही त्यात काही नव्हतं.

प्रदर्शन तीन दिवसांचं होतं. पहिल्या दिवशी सकाळी सातला ती टेम्पोतून उतरली आणि कामाला लागली. घरून आणलेले टोमॅटोचे क्रेट तिनं उलटे घालून पायऱ्या केल्या आणि त्यांवर कोरं मांजरपाट अंथरलं. सगळ्या गोधड्या एकदम दाखवायच्या नाहीत असं तिनं ठरवलं होतं. चारच बाहेर काढल्या. दोन आडव्या बांबूवर सोडल्या, एक अर्धी उलगडून पायरीवरून खाली ओघळू दिली, एक घडी घालून काठ पुढे करून ठेवली. तोरणं रंगांप्रमाणे लावली. वर पिवळे दिवे सोडले. बायकांना तिनं सांगितलं, ‘‘कुणी उठायचं नाही. बसून टाके घालत राहायचं.’’

‘‘आवं, हे तर लग्नातल्या रुखवतावानी झालं,’’ रंगुबाई म्हणाल्या.

बांबूवरच्या दोन्ही गोधड्या साखरबाईंच्या होत्या. साखरबाईंचं वय बहात्तर. शाळेची पायरी त्या कधी चढल्या नव्हत्या, पण त्यांचा टाका म्हणजे जणू मुंग्यांची रांग, एक मागे नाही की पुढे नाही. त्यांचा मुलगा भिमाजी कोरेगाव भीमाला एका कारखान्यात होता. महिन्यापूर्वी आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा दुपारचे थेंब आपल्याच हातानं घालता यावेत म्हणून त्यानं शिफ्ट बदलून घेतली होती. हे सगळ्या गावाला माहीत होतं. मोनिकालाही.

मोनिकानं गोधडीखाली साखरबाईंचा फोटो लावला आणि पुठ्ठ्यावर सुंदर अक्षरात लिहिलं: ‘साखरबाई, मांडवगण फराटा. साठ वर्षांपासून गोधड्या शिवतात.’

लोक आले, थांबले, त्यांनी फोटो काढले. ‘किती छान मांडलंय’ म्हणाले आणि पुढे गेले. दुपारपर्यंत दोन तोरणं खपली. समोरच्या लोणच्याच्या स्टॉलवर झुंबड होती. मोनिकाला आतून चिरडल्यासारखं झालं. चार वर्षांचं काम, चार वर्षांची घुसमट, सगळं तिनं या दहा फुटांत लावलं होतं.

तीनच्या सुमाराला रेल्वे क्वार्टर्समधल्या दोन बायका आल्या. साखरबाई तेव्हा खाली सतरंजीवर बसून शिवत होत्या, डोळ्यांवर ऑपरेशननंतरचा काळा चष्मा. त्यांच्याकडे बघत एकीनं हळू आवाजात विचारलं, ‘‘या वयात काम करावं लागतं? घरी कुणी नाही का त्यांना?’’

मोनिकानं तोंड उघडलं. ‘आहे ना, मुलगा आहे, सून आहे’ एवढंच सांगायचं होतं. पण त्या बाईचा हात गोधडीवर होता. मोनिकानं उघडलेलं तोंड मिटलं आणि मान खाली घातली.

‘‘अरेरे,’’ ती बाई म्हणाली, आणि दोघींनी एकेक गोधडी घेतली.

त्या संध्याकाळी परतीच्या टेम्पोत मोनिकानं नवा पुठ्ठा गुडघ्यावर घेतला.  दुसऱ्या दिवशी फोटोखाली नवी पाटी होती: ‘पोटच्या मुलानं घराबाहेर काढलं, तरी या माउलीनं सुई खाली ठेवली नाही. एक गोधडी घ्या, एका आईला आधार द्या.’

रंगुबाईंना थोडंफार वाचता यायचं. त्यांनी अक्षरं जुळवत पाटी वाचली आणि मोनिकाला बाजूला घेतलं. ‘‘आगं, हे काय लिवलंस? भिमाजी काय असा हाय का?’’

‘‘मावशी, नाव कुठं लिहिलंय त्यांचं? जाहिरातीत असंच लिहितात. दौंडात कोण ओळखतंय?’’

रंगुबाईंनी पाटीकडे पुन्हा एकदा पाहिलं. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, आणि मग येतच राहिलं.

लोक पाटी वाचायचे आणि साखरबाईंकडे वळायचे. कुणी त्यांचा हात हातात घ्यायचं, कुणी पाया पडायचं. एका मुलीनं गळ्यात पडून फोटो काढला. एका तरुणानं पाटीपासून सुरुवात करून साखरबाईंच्या सुरकुतलेल्या बोटांपर्यंत मोबाइल फिरवला आणि तिथंच उभा राहून तो व्हिडिओ पाठवूनही दिला. साखरबाई प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवत होत्या. ‘‘सुखी ऱ्हा. आईबापाला जप.’’ हे ऐकून लोकांचे डोळे आणखीच भरून यायचे.

‘‘पोरी, दौंडची माणसं लई मायाळू हायती गं,’’ जेवताना त्या मोनिकाला म्हणाल्या. ‘‘माझा फोटू तू काय गुणाचा लावलास!’’

मोनिकानं हातातला घास ताटात ठेवला. पाणी पिऊन ती उठली आणि उगाचच तोरणं सरळ करत राहिली. पाटी तेव्हाही काढता आली असती. तिनं ती काढली नाही.

तिसरा दिवस रविवार. दुपारी एकच्या सुमाराला भिमाजी आला. धुवट पांढरा शर्ट, एका हातात डबा, खिशात थेंबांची बाटली. मोनिकानं त्याला लांबूनच पाहिलं.  पाटीपर्यंत चार पावलं होती, पण मध्ये गिऱ्हाईक उभं होतं आणि तिच्या हातात त्यांची पिशवी होती.

भिमाजी स्टॉलसमोर येऊन थांबला. वरचे दिवे, बांबू, गोधड्या सगळं त्यानं नीट पाहिलं. आईचा फोटो दिसला तसा तो हसला. खिशातून मोबाइल काढून त्यानं फोटोसमोर धरला. मग त्याची नजर खाली उतरली.

तो वाचत होता ते मोनिकाला दिसत होतं. ओठ हलत होते. शेवटपर्यंत वाचून तो पुन्हा पहिल्या ओळीवर गेला. मोबाइल तसाच वर धरलेला होता.

शेजारी उभ्या असलेल्या एक वयस्कर बाई त्याला म्हणाल्या, ‘‘बघा ना, काय एकेकीचं नशीब. असली मुलं जन्माला येण्यापेक्षा न आलेली बरी.’’

‘‘व्हय,’’ भिमाजी म्हणाला.

तो सतरंजीपाशी गेला, आईसमोर उकिडवा बसला. तिचा चष्मा काढला, हनुवटी वर केली आणि एकेक थेंब मोजून डोळ्यात घातला. नंतर रुमालानं गाल टिपला. त्या बाई बघत होत्या. त्यांनी विचारलं, ‘‘तुम्ही कोण यांचे?’’

‘‘गावातलाच हाय,’’ भिमाजी मान वर न करता म्हणाला.

डोळे मिटलेल्या साखरबाई खळखळून हसल्या. ‘‘गावातला कसला? आवं, लेक हाय माझा! भिमा. आज सुट्टीचा बी बसला न्हाई, डबा घिऊन आला बघा.’’

त्या बाईंनी पाटीकडे पाहिलं, भिमाजीकडे पाहिलं, मग मोनिकाकडे.  हातातली गोधडी त्यांनी पायरीवर ठेवली, चोरीच्या मालाला हात लागल्यासारखी, आणि निघून गेल्या.

मोनिकानं पाटी उपटली आणि टेबलाखाली टाकली.

‘‘काय झालं रं? बाई का गेली?’’ साखरबाईंनी विचारलं. ‘‘काय लिवलंय तरी त्या पाटीवर?’’

सगळ्या बायका खाली बघत होत्या. भिमाजीनं डब्याचं झाकण उघडलं. ‘‘तू लय झ्याक शिवतीस आसं लिवलंय, आई. जेव आता.’’

 तो मोनिकावर रागावला असता, शिवी दिली असती, तर तिला उत्तर तरी देता आलं असतं. आई जेवल्यावर त्यानं डबा घेतला, ‘‘येतो’’ म्हणाला आणि गेला.

संध्याकाळी मांडवात बक्षिसं जाहीर झाली. उत्कृष्ट मांडणीचं पहिलं बक्षीस मांडवगणच्या गटाला. निवेदकानं तो व्हिडिओ पाहिलेला असावा. ‘‘मुलानं टाकलेल्या एका आईची कहाणी ज्यांनी आपल्यासमोर मांडली...’’ असं तो माइकवर म्हणत होता आणि मोनिका पायऱ्या चढत होती. हातात ढाल आली. पुढे माइक आला. हे खोटं आहे, मी लिहिलं, एवढं सांगायचं होतं. समोर दोनशे माणसं होती, त्यांत काळा चष्मा लावून टाळ्या वाजवणाऱ्या साखरबाई होत्या.

‘‘धन्यवाद,’’ ती म्हणाली आणि खाली उतरली.

पुढचे दोन दिवस ती घराबाहेर पडली नाही. नवऱ्याला, पृथ्वीराजला, सगळं कळलं होतं. गावात कुणाला कळायचं राहिलं नव्हतं, कारण व्हिडिओ मांडवगणला पोचला होता, आणि कोरेगावच्या कारखान्यातही. तिसऱ्या दिवशी सकाळी तोच म्हणाला, ‘‘जाऊन ये. मी येतो संगं.’’

‘‘नको. मी एकटी जाते.’’

साखरबाई ओट्यावर बसल्या होत्या, हातात सुई नव्हती. भिमाजी गाडी पुसत होता. मोनिका खालीच उभी राहिली. येताना जुळवलेली वाक्यं सगळी उडून गेली. ‘‘आजी, चुकले मी,’’ एवढंच आलं, आणि रडू.

साखरबाईंनी तिला रडू दिलं. मग म्हणाल्या, ‘‘शेजारच्या पोरीनं, अपेक्षानं, वाचून दावलं मला, त्या मोबाइलमधलं. मला वाचाया येत न्हाई, पोरी, त्यात माझा काय गुन्हा? दोन दिस मी त्या पाटीखाली बसले. लोकं माझ्या लेकाला मनात शिव्या घालीत हुती आन् मी त्यांच्या डोक्यावर हात ठिवीत हुते. सुखी ऱ्हा म्हणीत हुते.’’ त्यांचा आवाज चढला नाही. ‘‘आन् तू शेजारी बसून ते बघितलंस. भाकर खाल्लीस माझ्यासंगं.’’

मोनिकाला वर बघवेना. 

‘‘दादा, मी काय करू?’’ शेवटी तिनं भिमाजीला विचारलं.

भिमाजी फडकं पिळत म्हणाला, ‘‘ताई, मला काय सांगू नका. मला ठावं हाय मी कसा हाय. पर कंपनीत डबा खाया बसलो की चार माणसं बोलायची थांबत्यात. त्यास्नी सांगा.’’

ती घरी आली. पृथ्वीराजच्या हातात मोबाइल देऊन भिंतीशी उभी राहिली. तीनदा बोलायला गेली, तीनदा थांबली. चौथ्यांदा बोलली: माझं नाव मोनिका, ती पाटी मी लिहिली, ती खोटी होती, साखरबाई मुलाकडेच राहतात आणि तो त्यांना जपतो, माल खपावा आणि माझी वाहवा व्हावी म्हणून मी हे केलं. शेवटचं वाक्य बोलताना तिचे कान जळत होते, पण तेच तिनं दोनदा म्हटलं. व्हिडिओ जिथं जिथं पाठवता आला तिथं पाठवला. दौंडला जाऊन ढाल प्रदर्शनाच्या कार्यालयात परत दिली, सोबत लेखी कबुली. तिथल्या मॅडम म्हणाल्या, ‘‘एवढं कशाला मनाला लावून घेता?’’ ते ऐकून तिला आणखी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कबुलीचा व्हिडिओ पहिल्याइतका फिरला नाही. कारखान्यात मात्र पोचला. भिमाजी वाटेत भेटला की ‘‘काय ताई, बरं हाय ना?’’ म्हणू लागला. साखरबाई बोलायच्या, पाणी विचारायच्या, पण गटाला त्यांनी पुन्हा गोधडी दिली नाही. मोनिकानं मागितलीही नाही. मागायचं तोंड तिला राहिलं नव्हतं.

दोन महिन्यांनी शिरूरला प्रदर्शन लागलं. मोनिका नको नको म्हणत होती, पण रंगुबाईंनी ऐकलं नाही. ‘‘चूक म्या बी केली. वाचून गप ऱ्हायले,’’ त्या म्हणाल्या. ‘‘चल, दोघी मिळून मांडू.’’ या खेपेला फोटो नव्हते. पाटीवर फक्त शिवणारीचं नाव आणि गाव. तेही त्या त्या बाईला आधी मोठ्यानं वाचून दाखवलेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोनिका गिऱ्हाइकाला पिशवी देत होती. मान वळवली तर समोर साखरबाई उभ्या. भिमाजीनं त्यांना डॉक्टरकडे तपासायला आणलं होतं, तो गाडी लावायला गेला होता. डोळ्यांवर चष्मा नव्हता. मोनिकाचे हात आपोआप पदराकडे गेले.

साखरबाईंनी स्टॉल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिला. हसल्या नाहीत. वर बांबूवर सोडलेल्या, गटातल्या चांगुणाच्या निळ्या गोधडीकडे त्यांनी बोट केलं.

‘‘ती लई वर टांगलीस. गोधडी काय बघाया आसती व्हय? खाली घे. हात लागू दे माणसांचा.’’

‘‘घेते, आजी.’’

‘‘चांगुणानं शिवलीया ना? टाका लांब पडलाय कोपऱ्यात. सांग तिला.’’

एवढं बोलून त्या वळल्या आणि गर्दीत मुलगा कुठं दिसतोय ते बघत हळूहळू चालू लागल्या. मोनिका स्टुलावर चढली आणि बांबूची गाठ सोडू लागली.