सिस्टर स्टेलाचं सुतक

"बाय, आवय गेली गो." धाकटा भाऊ ब्लेझ फोनवर एवढंच बोलला.

सिस्टर स्टेलाच्या हातात बाळंतिणीसाठी आणलेली पेज होती. तिनं वाटी खाली ठेवली. परवाच ब्लेझनं कळवलं होतं, आवय सारखं तुझं नाव घेतेय, निघून ये. पण वाडीतल्या सोमीची सून अडली होती, आणि अशा पावसात तिला घाटाखाली इस्पितळात नेणं शक्य नव्हतं. स्टेला थांबली. मूल जगलं, सून वाचली. तोवर तिकडे मालवणात तिची स्वतःची आई गेली होती.

"इगर्जीत मिसा चार वाजता ठरवलीहा, मगे माती. येतंस मां?"

"निघतंय रे."

आंबोलीच्या वर, रानाच्या कडेला असलेल्या या कातकरवाडीत, दोन खोल्यांच्या दवाखान्यात स्टेलाची वीसेक वर्षं गेली होती. इतक्या वर्षांत वाडीतलं एकही माणूस तिच्या देवाकडे वळलं नव्हतं. मठातून विचारणा झाली की आधी तिला ओशाळल्यासारखं व्हायचं. हल्ली तेही होत नसे.

भाड्याची जीप चालवणाऱ्या निलेशनं तिला घेतलं, पण जीप घाटाच्या तोंडाशीच अडली. तो उतरून चौकशी करून आला.

"दरड इलीहा, सिस्टर. उद्यापर्यंत रस्तो सुटाचो नाय. फिरून जावचा म्हटला तर तिकडचो पूल पाण्याखाली."

स्टेलानं तिथूनच ब्लेझला फोन लावला.

"माझी वाट बघू नकात."

"असा कसा गो? तू थोरली. उद्यापर्यंत ठेवूया आवयक."

"घरात लाइट आसा? बर्फाची पेटी चलतली?"

"नाय गो, कालपासून लाइट नाय."

"मगे? आजच दिया तिका माती. माझ्या वाटणीची मूठ तूच घाल."

फोन बंद झाल्यावर निलेशनं न विचारताच जीप वळवली.

वाडीत बातमी तिच्याआधी पोचली होती. दवाखान्याच्या पडवीत म्हातारा बाबली आणि बाकीची माणसं बसून होती. स्टेला आत जाऊन क्रुसासमोर गुडघ्यांवर बसली. चार वाजत आले. तिनं रोझरी हातात घेतली, पण नेहमीचे शब्द ओठांवर येईनात. आता पेटी उचलली असेल, आता वळणावर आली असेल, एवढंच मनात येत राहिलं.

दाराशी सोमी उभी होती.

"सिस्टर, ऊठ. पाणी तापलाहा. सुतकाची आंगोळ करूक होयी."

"आमच्यात सुतक नसता, सोमी."

"आवय तर आसता मां?"

स्टेला उठली.

मागच्या दारी बायकांनी लुगडी धरून आडोसा केला होता. सोमीनं तिला दगडावर बसवलं आणि डोक्यावरचा रुमाल सोडून बाजूला ठेवला. आत बारीक कापलेले, विरळ, पांढरे केस होते. वाडीतल्या कुणी ते कधी पाहिले नव्हते.

पहिला तांब्या डोक्यावर पडला तशी स्टेला शहारली. या वाडीतली किती पोरं तिनं जन्मल्या जन्मल्या न्हाऊ घातली होती, किती मेलेल्यांची अंगं पुसली होती. तिच्या डोक्यावर मात्र आईनंतर कुणी पाणी घातलं नव्हतं. दिवसभर आवरून धरलेला हुंदका फुटला.

"डोळे मीट गो," सोमी म्हणाली.

तिनं मिटले. पाणी संपलं तरी ती तशीच बसून राहिली, आणि सोमी तिच्या ओल्या डोक्यावर हात ठेवून उभी होती.